खरात मास्तरांचं नाक

माझ्या हातून आजवर जेवढी माती झाली, ती एका जागी टाकली तर माजलगावच्या धरणाला आणखी एक भिंत घालता येईल. त्यातली बरीचशी मी स्वतःच सांगत फिरतो. लग्नाच्या पंगतीत, तेराव्याच्या मांडवात, एसटीत शेजारी कोणी सापडला तर त्याला. लोक हसतात, मीही हसतो. एक मात्र सांगत नाही. ती सांगायची तर आधी खरात मास्तर सांगावे लागतात, आणि मास्तर सांगायला लागलो की पंगतीतला माणूस जिलबी हातात धरून तसाच बसतो.

मास्तरांची हयात आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवण्यात गेली होती. निवृत्त होऊन ते बीडजवळच्या पालीला घरी बसले होते. तिथून आमच्या चेअरमन अण्णांनी त्यांना उचलून आणलं. आमची सोसायटी दिंद्रुडच्या रस्त्याला. शेती-अवजारांची सहकारी सोसायटी, म्हणजे तिफणी, कोळपे, विळे. मी तिचा मॅनेजर. शिक्षण बी.कॉम. यंत्राशी माझा संबंध एवढाच, की त्याच्या पूजेला नारळ मी फोडायचा.

अण्णा एकदा पुण्याला कसल्याशा प्रदर्शनाला गेले. तिथे एका स्टॉलवाल्याने अण्णांचा मोबाइलमधला फोटो घेतला आणि पाच मिनिटांत लाकडी फळीवर कोरून दिला, मिशांच्या केसांसकट. झालं. त्या मिशांपायी कुठल्याशा योजनेतून आमच्या सोसायटीत लेझरचं मशीन आलं. चालवायचं कोणी, हा प्रश्न मशीन ट्रकमधून उतरल्यावर निघाला.

मास्तर आले ते एक पिशवी, एक स्टोव्ह आणि तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं घेऊन. सोसायटीच्या मागच्या खोलीत राहायचे, रविवारी पालीला जायचे. अंगानं बारीक, चालणं सावकाश. घाई कधीच नाही. मी त्यांना तीन वर्षांत एकदाच पळताना पाहिलं.

पहिल्याच दिवशी मी माझी अक्कल दाखवली. मशीन सुरू झालं. आत भिंगाखाली एक लाल ठिपका चमकत होता. मला वाटलं, हाच तो लेझर. मी सरळ हात घातला त्याच्याखाली.

"मास्तर, गुदगुल्यासुद्धा होईनात! अण्णांना फसवलं राव कोणीतरी."

मास्तरांनी माझा हात मनगटाला धरून बाहेर काढला. मला आणखी चेव चढला. काखेत मासिक सभेचं ठरावबुक होतं, ते उघडून ठिपक्याखाली ठेवलं आणि म्हणालो, "हे जाळून दाखवा, मग खरं."

मास्तरांनी झाकण लावलं, कळ दाबली. मला काहीच दिसलं नाही. ना किरण, ना झोत. कागदावरून धुराचा एक दोरा तेवढा वर गेला. बुक बाहेर काढलं तर सात-आठ पानांच्या आरपार वाटाण्याएवढं भोक, आणि नशीब असं की प्रत्येक पानावर ते 'सर्वानुमते' या शब्दावरच पडलेलं. पुढच्या सभेत मागचे ठराव वाचताना माझी जी तारांबळ उडाली तिच्यावर विरोधी पॅनलनं पुढची निवडणूक लढवली.

पण मास्तर हसले नव्हते. म्हणाले, "सायब, तो लाल ठिपका मंजी निस्तं बोट हाय. हितं मारणार म्हून दाखवणारं. मारणारा उजेड येगळा. त्यो दिसत न्हाई."

"मग तो चालू आहे हे कळायचं कसं?"

मास्तरांनी तर्जनी नाकाच्या शेंड्यावर दोनदा आपटली.

नाक तसं चारचौघांसारखं, किंचित बसकंच. पण मास्तर लेझर चालवायचे ते त्या नाकानं. मशीनकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहायचे आणि आत काय जळतंय, किती खोल गेलंय, कधी थांबायचं, सगळं वासावर सांगायचे. मी विश्वास कसा ठेवणार? एकदा ते बाहेर असताना मी गुपचूप एकेक वस्तू मशीनमध्ये सरकवायला लागलो. मास्तर दाराबाहेरून हाका मारून सांगायचे.

"बाभूळ. वली असताना तोडलेली हाय."

"ॲक्रेलिकची पट्टी. गोड वास येतोय बघा, पिकल्यावाणी."

"रबर. शिक्क्याचं."

शेवटी मी हरलो आणि चप्पल काढून तिचा कोपरा कापला. मग आवाज आला, "चामडं. आन सायब, ती पायात घालून घरी जायचं हाय तुमाला."

त्यांच्या खोलीच्या भिंतीला एक फळी होती. ज्या ज्या वस्तूवर त्यांनी लेझर मारला तिचा तुकडा त्या फळीवर खिळ्यानं ठोकलेला. ज्वारीचं धाट, शिंगाची चकती, कौल, काच, नारळाची करवंटी. प्रत्येकावर एक रेघ. लाकडावरची रेघ काळी, शिंगावरची पांढरट. काचेला रेघ नव्हतीच, तिला तडा गेलेला. मी विचारलं, काचेतून तर ऊन आरपार जातं, मग ती का फुटली?

"ऊन जातं. ह्यो उजेड जात न्हाई. काच त्याला आडवती, आन मग फुटती." तुकड्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "उजेड समद्यांला सारखाच पडतो, सायब. कुणी वितळतं, कुणी तडकतं, कुणी राख व्हतं. कोण कशाचं हाय ते उजेडाला ठावं नसतं. कळ दाबणाऱ्याला ठावं पायजे."

मी तेव्हा मान डोलावली. मान डोलवायला मला कधीच कष्ट पडले नाहीत.

पहिलं वर्ष बरं गेलं. बक्षिसाच्या ढाली, पाट्या, लग्नाची नावं. मग पाऊस गेला. एक साल गेला, लोक म्हणाले जाऊ द्या. दुसऱ्या साली मृगात नाही, आर्द्रात नाही, पोळ्याला बैल धुवायला पाणी नाही. तिफण घेणार कोण? लग्नं पुढं ढकलली, ढाली बंद. ज्या नळीत लेझर तयार होतो ती थंड ठेवायला एक बादली पाणी सारखं फिरवत ठेवावं लागायचं. टँकरच्या रांगेतून येणाऱ्या बाया खिडकीतून बघून म्हणायच्या, "बघा, लोखंडाला पाणी पाजायलेत!" मास्तर ते पाणी फडक्यातून गाळून पुन्हा पुन्हा वापरायचे.

त्याच दिवसांत एकदा त्यांनी बाहेरून काळ्या रानातलं ढेकूळ आणलं आणि लेझरखाली ठेवलं. डोळे दिपतील असा पांढरा उजेड झाला. झाकण उघडलं तर ढेकळाच्या मधोमध हिरवट-काळा मणी, काचेचा. टणक. नखानं टकटक वाजणारा.

"वा मास्तर! अवंदा काचाच पेरू," मी म्हणालो.

मास्तर तो मणी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. "आतली समदी वल उडाली की माती माती ऱ्हात न्हाई," म्हणाले आणि मणी खिशात टाकला.

सोसायटीच्या शेजारच्या मोकळ्या रानात जनावरांची छावणी उघडली होती. छावणीवाला एके दिवशी पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटचं भेंडोळं घेऊन आला. गुरांच्या गळ्यात बांधायला नंबरचे बिल्ले पाहिजे होते. मी लगेच हो म्हणालो. कित्येक महिन्यांनी काम आलं होतं.

मास्तरांनी शीट हातात घेतली, हुंगली, कोपरा दुमडून बघितला. मग स्टोव्ह पेटवला. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, शीटला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. निळी ज्योत एकदम हिरवी झाली. पोपटाच्या पंखासारखी. छावणीवाला खूश होऊन म्हणाला, "मास्तर, दोन सालात पैल्यांदा हिरवं बगितलं बगा! शुभच म्हनायचं."

"ह्ये हिरवं लई वाईट," मास्तर म्हणाले. "पीव्हीशी हाय ह्ये. लेझरखाली घातलं तर ह्यातून तेजाबाचा धूर निगतो. न्या माघारी."

"आवो पण एवढ्याशा बिल्ल्याला..."

"न्या म्हनलं ना."

त्यांनी बिल्ले लिंबाच्या लाकडाचे करून दिले. मी मनात म्हणालो, म्हातारं आहे, भितंय. गुरांनी एकमेकांच्या गळ्यातले निम्मे बिल्ले चावून खाल्ले, तेव्हा तर मी ही गोष्ट चार ठिकाणी सांगून हशा घेतला.

मशीन सुरू करण्यापूर्वी मास्तरांचा एक नेम होता. दारातल्या कडुनिंबाला त्यांनी जुन्या धोतराची चिंधी बांधली होती. ती कुठे उडते ते आधी बघायचे. वारं छावणीकडे असलं तर मशीन बंद. "मुकी जनावरं हायती. वास आला तरी दावं तोडून जातील कुटं?" असं म्हणायचे. धूर बाहेर फेकणारा पंखा आधी, लेझर नंतर. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. मोडणारा मीच.

मार्चात गावोगावी सरकारी बोअर पाडायचं ठरलं. बोअरमध्ये उतरवायच्या प्लास्टिकच्या पाइपाला खालच्या अंगाला बारीक आडव्या फटी कापाव्या लागतात, म्हणजे पाणी आत येतं आणि कच बाहेर राहते. हे काम आमच्या सोसायटीला मिळालं. अण्णांनी स्टेजवरून सांगून टाकलं, "आठ दिवसात समदे पाइप तयार! माझा शब्द हाय." शब्द अण्णांचा, हात बायांचे. सहा बाया सावलीला बसून हॅक्सॉ ब्लेडनं फटी कापत होत्या. त्यांच्यातली पुढारी रुक्मिणबाई. दरसाली ऊसतोडीला जाणारी, अवंदा ऊसच नाही म्हणून आमच्याकडे आलेली. चौथ्या दिवशी मी पाइप मोजले आणि माझ्या लक्षात आलं की या चालीनं आठ दिवसांचे वीस होणार.

मी मास्तरांकडे गेलो. "मास्तर, लेझरवर हे एका दिवसात..."

त्यांनी मला बोलू दिलं नाही. तार तापवली. पाइपला टेकवली. ज्योतीत धरली.

"बगितलं?"

"बघितलं. पण मास्तर, गावांच्या पाण्याचा प्रश्न आहे."

"पाण्याचाच प्रश्न हाय म्हून न्हाई म्हनतो." स्टोव्ह विझवून ते माझ्याकडे वळले. "सायब, ह्या धुराला पाण्याची तहान असती. जितं वल घावंल तितं जाऊन बसतो आन तेजाब व्हतो. आता तुमीच सांगा, ह्या मुलखात वल कुटं ऱ्हायली? इहिरीत न्हाई. नदीत न्हाई. मातीत न्हाई." मग त्यांनी बोट आधी डोळ्याला लावलं, मग नाकाला, मग छातीला. "हितं हाय. हितं हाय. आन हितं हाय."

एवढं सांगूनही ज्या माणसाला समजत नाही, तो माणूस बी.कॉम. असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांना म्हणालो, "लेझरचे आरसे पुसायचं स्पिरिट संपलंय. बीडहून घेऊन या." ते सकाळच्या एसटीनं गेले. गाडी दिसेनाशी होताच मी रुक्मिणबाईला आत बोलावलं. पाइप लांब, एका बाजूनं मी सरकवायचा, पलीकडून तिनं धरायचा. माझ्यामागे दार होतं. तिच्यामागे भिंत.

"मास्तर न्हाईत अन् तुमी चालवणार?" ती म्हणाली. "सायब, तुमाला सायकलीची चैन चढवता येईना, मी बगितलंय."

"बघत राहा नुसती."

आता माझी हुशारी बघा. पाइप जाड, त्यामुळे मशीनचं झाकण पुरतं बसेना, आणि झाकण बसल्याशिवाय लेझर सुरू होईना. तिथे सुरक्षेची एक कळ असते, ती मी चिकटपट्टीनं दाबून टाकली. बाहेर चिंधी छावणीकडे उडत होती. धूर तिकडे गेला तर छावणीवाला बोंब मारणार, मास्तरांना कळणार. म्हणून पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. चोरानं दाराला आतून कडी घालून चोरी करावी तसं.

पहिला पाइप! काय सांगू, पेनानं ओढल्यासारख्या फटी. कडा जरा तपकिरी, बस्स. मी स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या पाइपाला डोळे चुरचुरायला लागले.

"सायब, नरड्यात काटं टोचायलेत," रुक्मिणबाई म्हणाली.

"पदर लाव तोंडाला. दोनच राहिलेत." दोन नव्हते राहिले. ढीग होता.

तिसऱ्या पाइपाला भिंगावर काजळी धरली असावी. कापायचं सोडून पाइप जागच्या जागी जळायला लागला. काय झालं ते बघावं म्हणून मी झाकण पूर्ण उघडलं.

आतला सगळा धूर एकदम माझ्या तोंडावर आला. त्याला वास म्हणत नाहीत. ते नाकातून आत शिरलेलं लोखंड होतं. मी पळालो. कसा, ते आठवत नाही. कडुनिंबाखाली पोचलो तेव्हा माझ्या हातात माझ्या दोन्ही चपला होत्या. जीव वाचवताना मी चपला आणल्या होत्या आणि रुक्मिणबाई आत ठेवली होती.

हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. आणि तेवढ्यात मास्तर पळत येताना दिसले. रस्त्यावरून, धुळीतून, हातात पिशवी नाही, टोपी नाही. ते बीडला पोचलेच नव्हते. स्पिरिटची बाटली आपणच परवा भरून ठेवलीय हे त्यांना एसटीत आठवलं, आणि मी खोटं का बोललो असेन हेही. वाटेतच उतरून समोरून आलेल्या जीपला लटकून ते माघारी आले होते. रस्त्यावर उतरताच वास लागला तसे पळत सुटले.

"आत कोन हाय?"

मी बोटानं दाखवलं. तेवढं मला जमलं.

ते आत गेले आणि रुक्मिणबाईला काखेत धरून बाहेर घेऊन आले. तिचे डोळे मिटलेले, तोंडातून फेस. "माठ आना. समदा वता डोळ्यावर. पाणी मोजू नका," म्हणाले आणि पुन्हा वळले.

"मास्तर, कावून जाता? जळू द्या मशीन!" सावलीतल्या बायांतली एक ओरडली.

"उजेड चालू हाय अजून," ते म्हणाले. "त्याच्या वाटंला जे येईल ते जळंल."

आणि आत गेले. तोंडाला रुमालही न लावता.

किती वेळ ते आत होते, हे मी मोजलं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. मी ओकत होतो. आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग खिडकी उघडल्याचा आवाज. मग बऱ्याच वेळानं मशीनची गुणगुण थांबली. मास्तर दारात आले. चालत, सावकाश. डोळे कुंकवासारखे लाल, नाकातून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. मी गाल तयार ठेवला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कडुनिंबाचा पाला तोडला, दोन्ही हातांत चुरगळला, नाकाशी नेला. टाकून दिला. दुसरी डहाळी तोडली. चुरगळली, नाकाशी नेली. टाकून दिली. तिसरी. चौथी. त्यांच्या पायाशी हिरव्या चोथ्याचा ढीग व्हायला लागला आणि तोवर मला, माझ्यासारख्याला, कळलं की काय झालंय.

तिसऱ्या प्रहरी अण्णा आले. भिंग फुटलेलं, आरसे काळे, मशीन मेलेलं. "कोनी चालवलं ह्ये?" अण्णा ओरडले. मी तोंड उघडलं. माझी शपथ आहे, सांगायलाच उघडलं होतं.

"मशीन माज्या ताब्यात हाय, अण्णा," मास्तर म्हणाले.

अण्णा त्यांना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. मास्तर ऐकत उभे होते आणि माझं उघडलेलं तोंड तसंच उघडं होतं. थोड्या वेळानं मी ते मिटलं.

दोन दिवसांनी मशीनच्या शेडमध्ये गंज दिसला. पाऊस नाही, दव नाही, हवेत धुळीशिवाय काही नाही, आणि लोखंडावर गंज. हातोड्यांना, कानसांना, दाराच्या कडीला. जिथे जिथे माणसाच्या हाताचा घाम लागला होता तिथे तिथे नारिंगी डाग. एका पान्यावर तर चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटलेला. बाया आत यायला तयार होईनात. "काय तरी फिरतंय ह्या घरात," म्हणाल्या. मी पान्यावरच्या बोटांवर माझी बोटं ठेवून बघितली. बसली.

मास्तरांनी लाकडाचा एक साचा केला, त्यात तीन ब्लेडं शेजारी शेजारी बसवली. एका ओढीत तीन फटी. सगळे पाइप अण्णांनी सांगितलेल्या दिवशी तयार झाले. बोअर पडले. आमच्या भागातल्या बहुतेक बोअरमधून पांढरी भुकटी तेवढी उडाली. पाइपांच्या फटी मात्र एकसारख्या होत्या, हे सगळ्यांनी कबूल केलं.

रुक्मिणबाई महिनाभर खोकली. मला दिसली की म्हणायची, "सायब, तुमचा लेझर माज्या नरड्यात चालूच हाय, बंद करा की." पुढे तिचा खोकला गेला. मास्तरांचा गेला नाही, बारीक बारीक चालूच राहिला. पण त्याचं त्यांना काही नव्हतं. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाच्या आत भाजलंय, वास येईल हळूहळू. मास्तर वाट बघत राहिले. सकाळी साबण हुंगायचे. दुपारी कांदा फोडून नाकाशी धरायचे. एकदा मी गेलो तर रॉकेलची बाटली नाकाला लावून बसले होते. ती माझ्यापुढे करून म्हणाले, "हाय ना वास?"

"आहे."

"लई?"

"बराच."

त्यांनी बूच लावलं.

अण्णांनी मशीन दुरुस्त करून आणलं. मास्तरांनी हात लावला नाही. "डोळे चांगले आहेत तुमचे, हात चांगला आहे," मी म्हणालो. "दिसतंय त्याच्यावर चालवायचं असतं तर तुमीच चालवलं नसतं का?" ते म्हणाले. त्या आठवड्यात ते पालीला निघून गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मधे तीन-चार सालं गेली होती. पाऊस परत आला होता, बिंदुसरा नदी भरून वाहत होती. मी माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो, मोटारसायकलवर सगळ्या रस्त्यानं ते म्हणत. मास्तर ओसरीत बसले होते, अजून बारीक झालेले. मास्तरीणबाई लेकीकडे गेल्या होत्या, घरात एकटेच. मला बघून खरंच आनंदले. मी भाषण सुरू करणार, तर म्हणाले, "आदी चहा," आणि आत गेले.

मी उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि कसलासा सडका वास आला. कांदे कुजलेत, असं मला वाटलं. आत मास्तरांनी पातेल्यात पाणी घेतलं होतं. काडीपेटी उघडून काडी हातात घेतली होती.

"मास्तर! गॅस!"

मी त्यांना दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. काडी त्यांच्या हातातच होती, न ओढलेली. मग परत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. परत आलो तर ते अंगणातल्या बाजेवर बसले होते.

"किती व्हता?"

"थोडाच."

"थोडा मंजी किती, सायब? शेगडीपाशी, का दारापतूर?"

माझ्या तोंडावर आलेलं खोटं मी गिळलं. "दारापर्यंत. उंबऱ्याच्या बाहेर."

त्यांनी मान हलवली. वर्कशॉपात कोणी माप सांगितल्यावर हलवायचे तशी.

मग मी माझं पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी अण्णांसमोर मी बोलायला पाहिजे होतं."

"तवा बोलायला पायजे व्हतं," ते म्हणाले. रागानं नाही. "आता बोलून निस्तं तुमाला बरं वाटंल."

चहा झालाच नाही. मी निघालो. रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवून मागे बघितलं. मास्तर अंगणाच्या तोंडाशी येऊन उभे होते, हातात काडीपेटी. रस्त्यानं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. तिला त्यांनी हात केला.

"ओ ताई! जरा आत जाऊन या. चहा ठिवायचाय. वास हाय का तेवढं सांगा."

हे त्या बाईला रोजचं असावं. तिनं काही विचारलं नाही. भारा बांधावर टेकवला, पदरानं तोंड पुसलं आणि त्या उघड्या दारातून आत गेली. मास्तर बाहेरच उभे राहिले, दाराकडे बघत, ती काय सांगते त्याची वाट बघत.

मी गाडीला किक मारली तेव्हा ती बाई अजून बाहेर आली नव्हती.